सार्वजनिक सेवेचे परीक्षण: नॉर्वेच्या तेलनिधीची उघडी खातेवही

गोव्यातील खाणींचा विषय निघाला किंवा गडचिरोलीतील सुरजागडच्या लोहखनिजाची चर्चा सुरू झाली, की कोणीतरी नॉर्वेचे नाव घेतेच. ‘त्यांनी तेलाचा पैसा जपून ठेवला, आपण उधळला’ असे एक वाक्य टाकले जाते आणि चर्चा पुढे सरकते. नॉर्वेने नेमके काय जपले, कोठे जपले आणि त्याचा हिशेब कसा ठेवला, हे मात्र फारसे कोणी उघडून पाहत नाही. वास्तविक ते पाहण्याची सोय कोणालाही घरबसल्या उपलब्ध आहे. तेथील मध्यवर्ती बँकेचा जो विभाग तेल-वायूच्या पैशातून उभा राहिलेला हा निधी सांभाळतो, त्या ‘नॉर्जेस बँक इन्व्हेस्टमेंट मॅनेजमेंट’चे संकेतस्थळ नॉर्वेजियन आणि इंग्रजी या दोन भाषांत चालते. त्यासाठी शुल्क नाही, नावनोंदणी नाही, आणि आपण नॉर्वेचे नागरिक आहोत की नाही हेही कोणी विचारत नाही. नैसर्गिक संपत्तीचा देशाच्या आर्थिक वाढीशी काय संबंध असतो, हे समजून घेऊ पाहणाऱ्या मराठी वाचकाला ही सेवा कितपत उपयोगी पडते, एवढ्याच दृष्टीने हे परीक्षण लिहीत आहे.

संकेतस्थळ उघडताच एक भला मोठा आकडा दिसतो आणि तो स्थिर नसतो. निधीचे बाजारमूल्य क्रोनर या नॉर्वेच्या चलनात क्षणाक्षणाला बदलत असते. शेवटचे अंक तर डोळ्यांनी टिपता येणार नाहीत इतक्या वेगाने पालटतात. २०२४ च्या अखेरीस हे मूल्य १९,७४२ अब्ज क्रोनर होते. आपल्या परिमाणात सांगायचे तर हे जवळपास २० लाख कोटी क्रोनर झाले, आणि त्या वेळच्या विनिमय दराने रुपयांत मांडले तर आपल्या केंद्र सरकारच्या २०२४-२५ च्या अर्थसंकल्पाच्या सुमारे तिप्पट. नॉर्वेची लोकसंख्या ५६ लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढी आहे. त्या हिशेबाने दरडोई सुमारे ३५ लाख क्रोनर होतात. अर्थात हे पैसे कोणाच्या वैयक्तिक खात्यात नाहीत आणि कोणी बँकेत जाऊन आपला वाटा मागू शकत नाही. निधीच्या अधिकृत नावात ‘निवृत्तिवेतन’ हा शब्द २००६ पासून आहे, तरी त्यातून कोणाला थेट निवृत्तिवेतनही मिळत नाही.

हा पळता आकडा दिखाऊ आहे, असे प्रथमदर्शनी वाटू शकते आणि त्यात थोडे तथ्यही आहे. निधीची सारी गुंतवणूक परदेशी चलनांत असल्यामुळे क्रोनर घसरला, की काहीही न कमावता आकडा फुगतो. हे सेवेतील वैगुण्य ठरले असते. पण त्याच्याच शेजारच्या पानावर त्याचा उलगडा केलेला आहे. मूल्यात किती भर गुंतवणुकीच्या परताव्याने पडली, किती तेल-वायूच्या उत्पन्नातून नव्याने आली आणि किती केवळ चलनाच्या चढउताराने झाली, हे तिन्ही हिशेब वर्षवार वेगळे करून दिले आहेत. २०२४ चेच उदाहरण घ्यावे. त्या वर्षी परतावा २,५११ अब्ज क्रोनर होता, सरकारकडून आलेली नवी रक्कम सुमारे ४०० अब्ज होती आणि क्रोनर घसरल्यामुळे पडलेली भर हजार अब्जांहून अधिक होती. या तिसऱ्या रकमेने निधीची परदेशातील खरेदीची ताकद वाढत नाही, हे निधीचे व्यवस्थापक स्वतःच स्पष्ट करतात. आपल्याकडे अर्थसंकल्पानंतरच्या पत्रकार परिषदांत असा खुलासा आपणहून झालेला क्वचितच ऐकायला मिळतो.

याच पानावर निधीचा आरंभही सापडतो. कायदा १९९० साली झाला, पण पहिली रक्कम १९९६ च्या मे महिन्यात जमा झाली आणि ती होती सुमारे २ अब्ज क्रोनर. मधली सहा वर्षे पेटी रिकामीच होती, कारण त्या काळात सरकारच्या अर्थसंकल्पात शिल्लकच पडत नव्हती. पुढे १९९८ पासून समभागांत गुंतवणूक सुरू झाली, आणि आज निधीच्या एकूण मूल्यातील निम्म्याहून अधिक वाटा समुद्रातून काढलेल्या तेलाचा नसून त्या पैशावर मिळालेल्या परताव्याचा आहे. जमिनीखालची एक संपत्ती विकून तिच्या जागी दुसरी संपत्ती उभी राहिली, हे या एका आलेखावरून जितके स्पष्ट होते तितके अनेक पाठ्यपुस्तकांतून होत नाही. खनिज विकणे हे उत्पन्न नसून भांडवलाची विक्री आहे. रस्त्यालगतची वडिलोपार्जित जमीन विकून आलेला पैसा लग्नात आणि गाडीत संपवणारे घर जी चूक करते, तीच चूक राज्येही करतात, इतकेच की राज्यांच्या हिशेबात ती ‘महसूलवाढ’ म्हणून नोंदली जाते.

या निधीची गरज का भासली, याचे उत्तर संकेतस्थळावर थोडक्यात आहे. येथे ते जरा विस्ताराने सांगणे आवश्यक वाटते. नेदरलँड्समध्ये १९५९ साली खोनिंगेन येथे नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला. वायूच्या निर्यातीमुळे परकीय चलनाचा ओघ सुरू झाला, गिल्डर हे तेव्हाचे डच चलन महाग झाले आणि त्यामुळे इतर डच कारखान्यांचा माल परदेशात परवडेनासा झाला. शिवाय देशांतर्गत मजुरी आणि भाडी वाढली, ती वेगळीच. ‘द इकॉनॉमिस्ट’ने १९७७ साली या प्रकाराला ‘डच रोग’ असे नाव दिले. जेफ्री सॅक्स आणि अँड्र्यू वॉर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी १९९५ साली अनेक देशांची आकडेवारी एकत्र करून, १९७० च्या सुमारास ज्या देशांच्या अर्थव्यवस्थेत खनिज व शेतमालाच्या निर्यातीचा वाटा मोठा होता, त्यांची पुढील दोन दशकांतील वाढ सरासरीने मंद राहिली असा निष्कर्ष मांडला. रिचर्ड ऑटी यांनी त्याआधीच, १९९३ साली, ‘संसाधनांचा शाप’ हा शब्दप्रयोग रूढ केला होता.

डच रोग समजण्यासाठी नेदरलँड्सलाच जावे लागते असे नाही. गोव्यातील साखळी, डिचोली, सांगे या पट्ट्यात २००५ नंतरच्या तेजीत जे घडले ते त्याच जातीचे होते. चीनची मागणी इतकी वाढली, की पूर्वी टाकाऊ समजले जाणारे कमी प्रतीचे खनिजही विकले जाऊ लागले. २०१०-११ मध्ये गोव्यातून होणारी निर्यात ५ कोटी टनांच्या घरात गेली. ज्याच्याकडे थोडीफार पत होती त्याने बँकेचे कर्ज काढून ट्रक घेतला, कारण दिवसाच्या खेपांवर जे सुटे ते भातशेतीत वर्षभर राबूनही सुटत नव्हते. शेते पडीक राहिली, काही ठिकाणी ती खाणींच्या गाळानेच निकामी झाली, मजूर मिळेनासे झाले. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा ट्रक दारात उभे राहिले, हप्ते मात्र थांबले नाहीत, आणि ट्रकमालक व बार्जमालकांच्या कर्जासाठी सरकारला मदत योजना आणावी लागली. चलन महागण्याचा भाग येथे नव्हता, कारण रुपया गोव्याचा नव्हे तर देशाचा. पण एका धंद्याने बाकीच्या धंद्यांतील माणसे आणि पैसा ओढून घेणे, हा त्या रोगाचा दुसरा भाग अगदी पुस्तकाबरहुकूम घडला.

नॉर्वेने यावर काढलेला उपाय संकेतस्थळाच्या ‘निधीविषयी’ या भागात एका ओळीत येतो: गुंतवणूक फक्त देशाबाहेर करायची. पैसा देशात आलाच नाही, तर चलन आणि मजुरी भडकण्याचे एक मोठे कारण टळते. ही ओळ वाचून पुढे जाऊ नये, तिच्याशी जरा थांबावे, असे मी आवर्जून सुचवीन. आपल्या दाराशी आलेला पैसा मुद्दाम परक्या देशांच्या बाजारात लावायचा आणि तोही लोकशाहीत, दर चार वर्षांनी निवडणूक लढवून, हे राजकीयदृष्ट्या किती अवघड आहे याची कल्पना आपल्या कोणत्याही नगरसेवकाला असेल.

आता या सेवेतील सर्वांत उपयुक्त भागाकडे वळतो, तो म्हणजे गुंतवणुकांची यादी. २०२४ च्या अखेरीस जगातील साडेआठ हजारांच्या आसपास कंपन्यांत या निधीचे समभाग होते आणि जगभरातील नोंदणीकृत समभागांपैकी सरासरी दीड टक्का एकट्या या निधीच्या मालकीचा होता. यादीत देश, क्षेत्र किंवा कंपनीचे नाव घालून शोधता येते. भारत निवडल्यावर नावांची लांबलचक रांग उघडते. त्यात रिलायन्स इंडस्ट्रीज आणि एचडीएफसी बँक यांच्यासारखी आपल्या ओळखीची नावेही असतात. प्रत्येक नावापुढे गुंतवणुकीचे मूल्य क्रोनर व डॉलरमध्ये, मालकीची टक्केवारी आणि मताधिकाराची टक्केवारी असे रकाने आहेत. मागील वर्षे निवडून तीच कंपनी तेव्हा यादीत होती का आणि हिस्सा किती होता, हे पाहता येते. नोंदी १९९८ पर्यंत मागे जातात आणि संपूर्ण यादी उतरवून घेऊन स्वतःच्या तक्त्यात मांडता येते. मात्र ही यादी ठरावीक तारखेची असते, आजची नसते. समभाग घेणाऱ्याने तिचा उपयोग बाजाराचा अंदाज बांधण्यासाठी करू नये.

मतदानाची नोंद हा तर माझ्या मते या संकेतस्थळाचा कमी बोलबाला झालेला, पण अतिशय मोलाचा भाग आहे. एखाद्या कंपनीच्या वार्षिक सभेत निधी कोणत्या ठरावाला पाठिंबा देणार आणि कोणत्या ठरावाला विरोध करणार, हे सभेच्या पाच दिवस आधी जाहीर केले जाते. विरोध असेल तर त्याचे कारणही दिले जाते. आपल्या म्युच्युअल फंडांनाही मतदानाचा तपशील जाहीर करावा लागतो, पण तो मतदान झाल्यानंतर. आधी सांगणे आणि नंतर सांगणे यांतील फरक कोणत्याही भागधारकाच्या चटकन लक्षात येईल.

गोमंतकीय वाचकाने यानंतर वगळलेल्या कंपन्यांची यादी उघडावी. नीतिनियमांच्या आधारे काही कंपन्यांत पैसा लावायचा नाही असे ठरवले गेले आहे, आणि तो निर्णय तारीख व कारणासह प्रसिद्ध झालेला आहे. वेदान्त रिसोर्सेस ही कंपनी २००७ साली पर्यावरणाची हानी आणि मानवी हक्कांचे उल्लंघन या कारणांवरून वगळली गेली. पुढे २०१३ मध्ये वेदान्त समूहातीलच सेसा गोवा आणि स्टरलाइट यांच्या विलीनीकरणातून सेसा स्टरलाइट झाली, आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचेही नाव या यादीत आले. जुवारीनगरला मुख्यालय असलेली झुआरी अ‍ॅग्रो केमिकल्स २०१३ साली वगळली गेली. तिच्या बियाणे व्यवसायातील बालमजुरीचा धोका हे त्याचे कारण होते. ज्या कंपन्यांची नावे आपण रस्त्याकडेच्या फलकांवर वाचत मोठे झालो, त्यांच्याविषयीचा लेखी, कारणमीमांसेसह दिलेला निर्णय ऑस्लोतल्या एका कार्यालयाने जगासमोर ठेवलेला पाहणे हा वेगळाच अनुभव आहे. कंपन्यांचे म्हणणे अर्थातच वेगळे असू शकते. वगळण्याची शिफारस करणाऱ्या नीतिमंडळाची सविस्तर टिपणे त्याच्या स्वतंत्र संकेतस्थळावर आहेत. ती लांब आहेत, पण वाचण्यासारखी आहेत.

येथे एक विसंगती मात्र जाणवते आणि ती संकेतस्थळ सोडवत नाही. २०१६ पासून कोळशावर अवलंबून असलेल्या अनेक कंपन्या हवामानाच्या कारणाने या निधीने वगळल्या. ज्या पैशाने हा निधी उभा राहिला तो पैसा मात्र तेल आणि वायू विकूनच आला आहे आणि अजूनही येत आहे. युक्रेनवरील आक्रमणानंतर वायूचे भाव भडकले तेव्हा २०२२ या एका वर्षात निधीत जवळपास १,०९० अब्ज क्रोनरची विक्रमी भर पडली. युद्धामुळे मिळालेल्या या पैशावर नॉर्वेतही वाद झाला. संकेतस्थळावर तो वाद दिसत नाही. तेथे फक्त ‘आवक’ या रकान्यातील उंच स्तंभ दिसतो.

नुकसानीच्या बाबतीत मात्र लपवाछपवी नाही. २००८ साली निधीचा परतावा उणे २३.३ टक्के होता आणि २०२२ साली उणे १४.१ टक्के, म्हणजे १,६३७ अब्ज क्रोनरचा तोटा. हे आकडे फायद्याच्या वर्षांइतक्याच ठळकपणे दिलेले आहेत. २०२३ च्या वार्षिक अहवालात तर आणखी एक गोष्ट सापडते: निधीची कामगिरी ज्या निर्देशांकाशी ताडून पाहिली जाते त्याच्या मोजणीत झालेल्या चुकीमुळे सुमारे ९८ कोटी क्रोनरचे नुकसान झाले, हे व्यवस्थापनाने स्वतःहून मांडले. निधीच्या एकूण आकारापुढे ही रक्कम किरकोळच आहे, आणि दडपून टाकली असती तरी बाहेर कोणाला चटकन कळले नसते.

इथवर कौतुक झाले. आता या सेवेची जी मर्यादा मला सर्वांत मोठी वाटते ती सांगितली पाहिजे. हे संकेतस्थळ पैसा निधीत आल्यानंतरची गोष्ट सांगते. तो पैसा तेथवर पोहोचला कसा, ही खरी अवघड कहाणी त्याच्या दाराबाहेर राहते. ती हवी असेल तर तेथील ऊर्जा मंत्रालय आणि सागरी संचालनालय यांच्या वतीने चालवले जाणारे ‘नॉर्स्क पेट्रोलियम’ हे दुसरे संकेतस्थळ उघडावे लागते. तेथे प्रत्येक तेलक्षेत्राचे उत्पादन, उरलेला साठा आणि हिस्सेदार कंपन्या यांची माहिती आहे; १९६९ साली सापडलेल्या आणि १९७१ पासून तेल देणाऱ्या एकोफिस्क क्षेत्राचीही. तेल कंपन्यांच्या नफ्यावर सामान्य आणि विशेष असे मिळून ७८ टक्के कर लागतो, शिवाय अनेक क्षेत्रांत सरकारचा थेट हिस्सा असतो आणि पूर्वी स्टॅटऑइल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या इक्विनॉर कंपनीत ६७ टक्के भाग सरकारचा आहे. म्हणजे खनिजाच्या किमतीतील मोठा वाटा आधी सरकारच्या हाती येतो आणि मग बचतीचा प्रश्न उद्भवतो. आपल्याकडे लोहखनिजाची प्रचंड तेजी असताना सरकारच्या वाट्याला प्रामुख्याने स्वामित्वधन (रॉयल्टी) येत होते आणि नफ्याचा मोठा भाग खाणपट्टाधारकांकडे राहत होता. गळक्या हौदावर झाकण किती चांगले बसवले, यावर चर्चा करण्यात फारसा अर्थ नसतो.

आणि त्याही मागे जायला हवे. तेल सापडण्याच्या साठ वर्षे आधी, १९०६ ते १९१७ या काळात, नॉर्वेने धबधब्यांविषयी कायदे केले. परदेशी भांडवलाला जलविद्युत प्रकल्प उभारू द्यायचे, पण ठरावीक मुदतीनंतर धरण आणि वीजगृह विनामोबदला सरकारकडे परत आले पाहिजे, असे त्यांचे सूत्र होते. नैसर्गिक संपत्तीची मालकी लोकांची, ही कल्पना तेथील राजकारणात तेलाच्या कितीतरी आधी मुरलेली होती. १९७१ साली संसदेच्या उद्योग समितीने तेलविषयक दहा तत्त्वे मांडली; त्या काळात प्रशासनात महत्त्वाची भूमिका बजावणारे भूगर्भशास्त्रज्ञ फारूक अल-कासिम हे मूळचे इराकमधील बसराचे होते. तेलाने देशाचे काय होऊ शकते, हे त्यांनी स्वतःच्या देशात पाहिलेले होते. २००१ पासून सरकारने निधीतून वर्षाकाठी सरासरी फक्त अपेक्षित वास्तव (म्हणजे महागाई वजा जाता उरणाऱ्या) परताव्याएवढीच रक्कम खर्चावी असा दंडक आला. ती मर्यादा आधी ४ टक्के होती, २०१७ मध्ये ३ टक्क्यांवर आणली गेली. हा दंडक कायद्याच्या कलमापेक्षा पक्षोपक्षांतील सहमतीवर टिकून आहे. हे सारे निधीच्या संकेतस्थळावर मिळतेच असे नाही, आणि जेथे मिळते तेथे इतक्या आटोपशीरपणे मिळते, की वाचणाऱ्याला निधी हेच औषध वाटावे.

निधी हे औषध नाही, याचा पुरावा प्रशांत महासागरातील नाउरू या चिमुकल्या बेटाने केव्हाच दिला आहे. तेथील फॉस्फेटच्या उत्पन्नासाठीही न्यास होता, आणि त्या न्यासाने मेलबर्नमध्ये ५२ मजली इमारत बांधली होती. भलत्यासलत्या गुंतवणुका, उधळपट्टी आणि कर्जे यांत तो न्यास आटला, आणि २००४ साली ती इमारतही विकावी लागली. हॅल्वोर मेलुम, कार्ल ओव्ह मोएने आणि राग्नार तोर्विक या नॉर्वेजियन अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली सॅक्स-वॉर्नर यांच्याच आकडेवारीवरून दाखवले, की जेथे संस्था सशक्त असतात तेथे नैसर्गिक संपत्ती वाढीला मारक ठरत नाही आणि जेथे संस्था ओरबाडणाऱ्यांच्या सोयीच्या असतात तेथे ती घातक ठरते. २००८ मध्ये ख्रिस्टा ब्रुनश्वायलर आणि एर्विन बुल्टे यांनी आणखी एक मूलभूत आक्षेप घेतला: जमिनीखाली संपत्ती असणे आणि अर्थव्यवस्था तिच्यावरच अवलंबून असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बरेचदा इतर उद्योग न वाढल्यामुळेच देश खनिजावर अवलंबून राहतो. मला हा आक्षेप पटतो. त्यामुळे हा ‘शाप’ भूगर्भाचा आहे असे समजून हताश होण्याचे कारण नाही, आणि खाते उघडले की तो उतरेल असे मानण्याचेही नाही.

या सेवेचा आपल्याकडे काय उपयोग, असा प्रश्न मग उरतो. सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ च्या निकालात गोव्यातील लोहखनिजाच्या विक्रीच्या रकमेतील १० टक्के वाटा पुढील पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधीत ठेवण्याचा आदेश दिला. २०१५ च्या खाण कायद्यातील दुरुस्तीनंतर खाणी असलेल्या जिल्ह्यांत जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली. त्यांना जुन्या खाणपट्ट्यांच्या स्वामित्वधनाच्या ३० टक्के आणि लिलावाने दिलेल्यांच्या १० टक्के एवढी रक्कम मिळते. यांतील पहिला प्रकार बचतीचा आहे, दुसरा खर्चाचा. नॉर्वेचे अनुकरण म्हणून दुसऱ्याही पैशाची बचत करावी, असे म्हणणे मला चुकीचे वाटते. सुरजागड ज्यात येते त्या एटापल्ली तालुक्यात पावसाळ्यात नाल्यावर पूल नसेल आणि आरोग्य केंद्रात डॉक्टर नसेल, तर तेथील खनिजाचा पैसा परदेशी समभागांत लावणे हा क्रूरपणा होईल. जेथे भांडवलाचीच टंचाई आहे तेथे शाळा, रस्ता आणि दवाखाना यांतून मिळणारा परतावा कोणत्याही शेअर बाजारापेक्षा मोठा असतो. १९७४ साली मुंबई हाय सापडले, तेव्हा भारताने ते तेल आयात टाळण्यासाठी वापरले आणि निधी वगैरे काढला नाही. आपली लोकसंख्या आणि गरज पाहता ते योग्यच होते. नॉर्वेजवळ १९९० साली पूल, डॉक्टर आणि शाळा आधीच होत्या.

उचलण्यासारखी आहे ती हिशेब ठेवण्याची रीत. मध्यंतरी एका जिल्ह्याच्या खनिज निधीतून कोणती कामे झाली, हे शोधण्याचा मी प्रयत्न केला. हाती लागली ती तिरपी छायांकित केलेली कागदपत्रे: कामाचे नाव, मंजूर रक्कम आणि शेरा ‘काम प्रगतीपथावर’. मंजुरीची तारीख काही ठिकाणी होती, काही ठिकाणी नव्हती. प्रत्यक्ष खर्चाचा रकाना कोरा होता, आणि गावाचे नाव दोन ओळींत दोन प्रकारे लिहिलेले असल्यामुळे ते एकच काम आहे की दोन, हेही कळेना. त्या गावातील ग्रामसभेने हिशेब मागायचा ठरवला तरी तिने कोणत्या ओळीवर बोट ठेवावे? इतक्या छोट्या निधीची यादी शोधता येईल अशा स्वरूपात, वर्षवार, खर्चाच्या रकान्यासह ठेवायला ७८ टक्के कर लागत नाही आणि शंभर वर्षांची परंपराही लागत नाही. एक नीटनेटका तक्ता आणि तो दर तिमाहीला भरण्याची जबाबदारी असलेला एक कर्मचारी पुरेसा होतो.

काही किरकोळ तक्रारी नोंदवतो. संकेतस्थळाचा अलीकडचा सूर जरा जास्तच चकचकीत आहे. २०२० पासून मुख्याधिकारी असलेले निकोलाय टांगेन बड्या कंपन्यांच्या प्रमुखांच्या मुलाखती घेतात आणि त्या ध्वनिमालिकेला मुबलक जागा मिळते. मुलाखती रंजक असतात, पण ज्या कंपन्यांत निधी भागधारक आहे त्यांच्याच प्रमुखांशी इतक्या खेळीमेळीत गप्पा मारणे मला खटकते. आकडे अब्जांत असल्यामुळे लाख-कोटींची सवय असलेल्या वाचकाला मनातल्या मनात रूपांतर करीत राहावे लागते. गुंतवणुकांचा मोठा तक्ता मोबाइलवर पाहण्यापेक्षा संगणकावर पाहिलेला बरा. व्यवस्थापनाचा खर्च मात्र कौतुकास्पद आहे: निधीच्या मूल्याच्या शेकडा ०.०४ च्या आसपास. आपल्या एखाद्या साध्या म्युच्युअल फंडाच्या खर्चाचे प्रमाण शेजारी ठेवून पाहावे.

हिशेबाची मांडणी म्हणून या सेवेला मी पाचपैकी साडेचार गुण देईन. नैसर्गिक संपत्ती आणि वाढ यांचा संबंध समजावणारे साधन म्हणून तीनच, कारण त्यासाठी ‘नॉर्स्क पेट्रोलियम’ची जोड अपरिहार्य आहे. नव्याने पाहणाऱ्याने पळत्या आकड्यापासून सुरुवात करू नये. आधी बाजारमूल्याच्या पानावरील परतावा, आवक आणि चलन यांची वर्षवार फोड पाहावी, मग भारताची यादी, मग वगळलेल्या कंपन्या. वर्षाचे आकडे जानेवारीच्या अखेरीस आणि सहामाहीचे ऑगस्टमध्ये येतात. त्या सुमारास गेल्यास ताजा अहवाल मिळतो आणि त्याच्या पहिल्या काही पानांत वर्षभराचा सारा व्यवहार आलेला असतो.